लाल चिंध्यांचं जंगल

तो माणूस झाडाला लाल चिंधी बांधत होता आणि उदेशिकाच्या पोटरीला जळू चिकटली होती. आधी कुणाला पकडावं, हे तिला ठरवता येईना.

"अहो, ते माझं झाड आहे."

तो वळला. हा तर इसुरु! त्याच्याच तीनचाकीतून ती रोज सिंहराजा नावाच्या या जंगलात यायची, पण आजवर त्याची मानच तेवढी पाहिली होती. पुढची बाजू बरी होती... जरा जास्तच बरी.

"तुमचं कशावरून, मिस?" त्याने खिशातला साबण जळवेवर घासला. जळू लगेच सुटली. हात मात्र जरा सावकाश सुटला.

तिने मान वर केली. जिकडेतिकडे लाल चिंध्या! संशोधनासाठी मोजायच्या झाडांना तिनेच खूण म्हणून बांधलेल्या चिंध्या पाहून, साऱ्या गावाची आत्या असलेल्या कुसुमा नेंदांनी हरवलेल्या म्हशीसाठी नवस बोलून एक बांधली. म्हैस संध्याकाळी घरी आली. मग काय, कोरियातली नोकरी, सुनेचा स्वभाव... सगळं गाव लागलं बांधायला.

"सोडा सगळ्या," ती रडकुंडीला आली. "उद्या सर येतायत. माझी झाडं सापडली नाहीत तर संशोधन बंद."

"नवस फळल्याशिवाय चिंधी सोडत नाहीत, मिस. तीही ज्याची त्यानेच."

"तुमचा कसला नवस? नवी गाडी?"

"सांगितला तर फळत नाही. गाडी चांगली आहे... फक्त मागे बसणारी माणसं पुढे बघत नाहीत."

उदेशिका मोजा नीट करू लागली. तो नीटच होता.

सकाळी इसुरुने अख्खं गाव जंगलात आणून ज्याला त्याला आपापल्या झाडापाशी उभं केलं. चिंधी आहे पण जिथे कुणी नाही, ते झाड मिसचं. उदेशिका त्यांवर खुणा करायला रंगाचा डबा घेऊन धावत सुटली. नेंदा तर झाडाला मिठी मारून उभ्या होत्या.

तेवढ्यात सर आले.

"ही माणसं... अशी उभी का?"

"आपापल्या झाडापाशी आहेत, सर," ती खरं तेच बोलली.

सरांनी चष्मा पुसला. "झाडं मोजणारे पुष्कळ आहेत. माणसाचं आणि जंगलाचं नातं तुलाच सापडलंय. आणखी दोन वर्षं राहशील इथे?"

ती उत्तर देणार, तोच पलीकडे इसुरु अगदी शांतपणे आपल्या झाडाची चिंधी सोडू लागला.

उदेशिकाचे कान तापले.

"राहते, सर," ती म्हणाली—सरांकडे न बघता.

गाठ घट्ट बसली होती. ती मदतीला गेली. नियमात बसत नव्हतं. पण नेंदांनी मान दुसरीकडे वळवली.