शून्य-शून्यावरचा ठिपका

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची आहे आणि अक्षर न् अक्षर खरी आहे. ज्यांना थट्टा करायचीय त्यांनी खुशाल करावी. मीही केली असती. पण शेवटचा भाग माझ्या डोळ्यांदेखत घडलाय.

गेल्या भाऊबीजेची दुपार होती. ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर नकाशे बनवणारं एक छोटं ऑफिस आहे. तिथं अंतरा एकटी बसली होती.

भाऊबीजेला ऑफिसात कोण जातं? ज्याची कुणी वाट बघत नाही तो जातो.

अंतराला भाऊ नाही, बहीण नाही. मावशी आणि काका पाठोपाठ गेले. तेव्हापासून ती डोंबिवलीत मानपाड्याला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहते. मी नाशिकला. दर सणाला मी म्हणायची, "ये गं इकडे." ती म्हणायची, "बघते." ती येणार नाही हे दोघींनाही ठाऊक असायचं.

त्या दिवशी ती आली होती ती एका म्हातारीच्या फोनमुळे.

म्हातारीचं नाव हौसाबाई. डोंबिवलीकडच्या खाडीकाठी मिठागरवाल्यांचं एक जुनं गाव आहे, तिथली. त्या काठावरून नवा रस्ता जाणार होता. आता आपल्यात तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या गावात खड्ड्यात मीठ घालायचे, वर एक धोंडा ठेवायचे. असे बरेच धोंडे त्या काठावर होते. गावकऱ्यांनी रस्तेवाल्यांना सांगितलं, "आमची पोरं रस्त्याखाली घालू नका. त्यांची माती उचलून गावाशेजारी नेऊ द्या."

रस्तेवाले तयार झाले. अंतराच्या ऑफिसातला राघो जीपीएस यंत्र घेऊन गेला. एकेका आईला, आजीला बरोबर घेतलं, एकेका धोंड्याजवळ उभा राहिला आणि जागा नोंदवून आला.

हौसाबाईचा धोंडा सगळ्यात कडेला, पाण्याजवळ होता. तिचं पहिलं मूल. बारशाआधीच गेलं. त्याला चाळीसेक वर्षं झाली असतील. नंतर तिला मूल झालंच नाही.

मग माती उचलायच्या आधीच मुरुमाचा भराव पडला. धोंडे, झुडपं, पायवाट, सगळं एका पातळीत गडप. खूण म्हणून जमिनीवर काही उरलं नाही. उरले ते फक्त अंतराच्या नकाशावरचे ठिपके.

त्या ठिपक्यांवरून माणसांनी खुंट्या ठोकल्या, खणलं. धोंडे काही सापडले नाहीत. चिखलात खाली गेले असतील म्हणून सगळ्यांनी मूठमूठ माती घेतली, नारळ फोडले, नव्या जागी नेऊन ठेवली.

एकटी हौसाबाई रिकाम्या हाताने परत गेली. राघोकडून नंबर घेऊन तिने अंतराला फोन लावला.

"बाय, तिथं माजा बाल नाय."

"हौसाबाई, मशिनने मोजलेली जागा आहे हो ती."

"मशिनला काय ठावं? मी हात लावून बगितला ना. माती गार हाय. कोन नाय तिथं. दिवाली झाली का रोलर फिरनार. मंग मी त्याला कुठं बगू?"

हे वाक्य अंतराच्या मनातून जाईना. म्हणून ती भाऊबीजेच्या दुपारी ऑफिसचं कुलूप उघडून बसली.

चूक लगेच सापडली.

थोडं समजावून सांगते, फार नाही. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. फुगलेली पुरी दाबून सपाट केली की कुठेतरी फाटतेच. तसं हे सपाट करायचं काम प्रत्येक काळात लोकांनी आपापल्या पद्धतीने केलंय. इंग्रजांच्या मोजणीची पद्धत वेगळी, आजच्या जीपीएसची वेगळी. अक्षांश-रेखांशाचे तेच आकडे एका पद्धतीत एक जागा दाखवतात, दुसऱ्या पद्धतीत दुसरी. आपल्या भागात शंभरेक मीटरचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक फायलीला सांगावं लागतं, बाई गं, तू कुठल्या पद्धतीची.

राघोची फाइल आली तेव्हा तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. गावाचा नकाशा जुन्या पद्धतीचा होता. अंतराने हाताच्या सवयीने ठिपक्यांनाही जुनीच पद्धत लावून टाकली. सॉफ्टवेअर बिचारं सांगकाम्या. त्याने सगळे ठिपके उचलून शंभर मीटर पलीकडे ठेवले.

म्हणजे गावाने भलतीकडची माती पुजली होती. मुलं होती तिथंच होती, भरावाखाली.

अंतराने घाईघाईने पद्धत बदलली. क्लिक केलं.

ठिपके एकदम सरकले आणि जुन्या नकाशातल्या खाडीच्या रेषेवर जाऊन बसले. अगदी चपखल.

पण...

एक कमी होता.

हौसाबाईचा.

तिने सगळे ठिपके एका पडद्यावर मावतील असा नकाशा लहान केला. ठाणं लहान झालं. महाराष्ट्र लहान झाला. भारत कोपऱ्यात गेला. सगळीकडे निळं पाणी... आणि आफ्रिकेच्या पश्चिमेला, भर समुद्रात, एक ठिपका.

अक्षांश शून्य. रेखांश शून्य.

नकाशावाल्यांना ही जागा माहीत असते. ज्याला पत्ता नाही त्याला सॉफ्टवेअर तिथं नेऊन टाकतं. शेकडो मैल कुणी नाही. नुसतं पाणी.

"असं होतं कधीकधी," अंतरा मोठ्याने म्हणाली. एकटं राहणाऱ्या माणसाला स्वतःशी बोलायची सवय असते.

राघोने यंत्राच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. त्यातले आकडे तिने टाइप केले. सेव्ह केलं. ठिपका काठावर आला.

तिने डोळे चोळले.

ठिपका परत समुद्रात.

पुन्हा टाइप केलं. पुन्हा समुद्रात.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, डेपोचा भोंगा बंद झालाय. दिवसभर "पनवेलकडे जाणारी गाडी" म्हणून कोकलणारा तो आवाज... नाही. बसचे हॉर्न नाहीत. खाली फटाके फोडणारी पोरं नाहीत. तिने मुद्दाम कीबोर्डवर बोट आपटलं.

त्याचाही आवाज आला नाही.

मग एक आवाज आला. पाण्याचा. खूप मोठं पाणी हळूहळू हलतंय असा. खोलीत खारट वास पसरला.

आणि त्या पाण्यातून...

एक उसासा. रडून रडून दमलेलं मूल झोपण्याआधी टाकतं ना, तसा. छोटासा, अडखळत.

अंतरा मला म्हणाली, "घाबरले नाही गं मी. मला इतकं वाईट वाटलं. एवढ्या पाण्यात ते एकटं, आणि माझ्यामुळे."

आपल्याकडे जुनी माणसं सांगतात, समोर कुणी दिसत नसेल तर 'ये' म्हणू नये. अंतराला हे माहीत होतं. मावशीने दोघींनाही शिकवलं होतं.

तरी ती पडद्याकडे बघून म्हणाली, "तिथं नको रे राहूस बाळा. ये. ये इकडे."

पाणी थांबलं.

डेपोचा भोंगा एकदम सुरू झाला.

ठिपका शून्य-शून्यावर नव्हता. काठावर होता, हौसाबाईच्या जागी. अंतराने तडक दुरुस्त नकाशा साइटवर पाठवला, चूक कबूल केली आणि बोलणी खाल्ली.

रोलर थांबला. दोन दिवसांनी पुन्हा खणलं. या वेळी अंतरा स्वतः गेली. भरावाखाली एकेक धोंडा निघाला. बायका रडल्या, पण त्या रडण्यात सुटका होती.

हौसाबाईचा धोंडाही निघाला. तिने तो बाजूला सरकवला, गुडघ्यांवर बसली आणि खालच्या मातीवर पंजा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हा बग, इथं व्हता," ती म्हणाली. "इथंच व्हता इतकी वर्सं. आता नाय."

"हौसाबाई, धोंडा तर तुमचाच आहे ना?"

"धोंडा माजा हाय. बाल गेला. कुनीतरी बोलवला त्याला."



संध्याकाळी मानपाड्याला घरी येऊन अंतराने लॅपटॉप उघडला. ठिपका काठावर नव्हता. समुद्रातही नव्हता. तो मानपाड्याला होता, तिच्या इमारतीवर. तिने पद्धत बदलून पाहिली. बाकीचे ठिपके सरकले.

हा हलला नाही.

हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "अगं, हौसाबाईला सांगून टाक. ती वेडी होईल शोधून शोधून."

"सांगते," ती म्हणाली.

डिसेंबरात मी न कळवता मानपाड्याला गेले. अंतरा छान दिसत होती. अंगाने भरली होती. घर आवरलेलं, गॅसवर खीर. इतक्या वर्षांत तिला अशी पाहिली नव्हती आणि मला खरंच बरं वाटलं.

पलंगावर मावशीची जुनी गोधडी घडी घालून ठेवली होती. अंतरा तिच्याशेजारी बसून माझ्याशी गप्पा मारत होती आणि एका हाताने थोपटत होती. सहज. न बघता.

तिचा फोन वाजला. स्पीकरवर हौसाबाईचा थकलेला आवाज आला.

"बाय, सापरला का गो?"

"नाही हो हौसाबाई," अंतरा हळू आवाजात म्हणाली. "शोधतेय मी."

"तो लय ल्हान हाय. त्याला एकल्याला भ्या वाटल."

"हो ना," अंतरा म्हणाली.

तिचा हात थोपटतच होता. मी त्या हाताकडे बघत राहिले, कारण काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळत नव्हतं.

मग कळलं.

हात गोधडीला टेकतच नव्हता. वीतभर वरच थांबत होता... कशावर तरी.

मी पुढची गाडी पकडून नाशिकला आले. हौसाबाईचा नंबर मी राघोकडून घेतलाय. अजून लावलेला नाही. रोज फोन हातात घेते, अंतराचा तो चेहरा आठवते आणि खाली ठेवते.