घाटातला खोटा दम

रविवारी अबोलीच्या घरात सगळ्यांत आधी जाग येई ती सायकलच्या पंपाला. ओसरीतल्या दिव्याखाली सायकल उभी करून ती आधी मागच्या, मग पुढच्या चाकात हवा भरी, अंगठ्याने टायर दाबून पाही आणि जुन्या बनियनच्या फडक्याने साखळी पुसून घेई. पाण्याच्या एका बाटलीत मीठ, साखर, लिंबू; दुसरीत नुसतं पाणी. जर्सीच्या पाठीमागच्या खिशात शेंगदाण्याचे दोन लाडू आणि पंक्चरचं सामान. एवढं होईपर्यंत तिचे वडील, निवृत्त शिक्षक काशीनाथराव, आई उठायच्या आत कानाला मफलर गुंडाळून चहा टाकत.

"आज कुठवर?"

"जिंतूरच्या पुढं, बाबा. घाटात."

"तिकडं बस जाती की," असं ते दर रविवारी म्हणत, आणि दर रविवारी तिच्या कपात दूध जरा जास्त घालत.

बीज परीक्षण प्रयोगशाळेत अबोली आठवडाभर ओल्या कागदावरचे मोड तपासत बसे. रविवारी मात्र तिला दूरचं काही पाहावंसं वाटे. परभणीभोवतीची जमीन परातीसारखी सपाट. पिंगळीकडे जा नाहीतर ताडकळसकडे, चढ म्हणून लागायचा तो एखादा उड्डाणपूल. डोंगर हवा असेल तर जिंतूर ओलांडून येलदरीच्या वाटेलाच लागावं लागे. तिथला घाट तिच्या मनात सलत होता. मागच्या वर्षी तिसऱ्या वळणावर तिला पाय टेकवून सायकल ढकलत न्यावी लागली होती. आणि आता सव्वीस जानेवारीच्या फेरीत नव्याने आलेल्या बायकांना त्याच घाटातून न्यायची जबाबदारी सायकल क्लबच्या बन्सीधरकाकांनी तिच्यावर टाकली होती. ती 'हो' म्हणून बसली होती. पण आपल्या पायांत खरंच किती बळ आहे, हे तिला कळायला हवं होतं.

डिसेंबरमधल्या एका सकाळी झरी गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना पोटरीला आलेली ज्वारी, तिच्यावर धुकं, आणि समोरून उत्तरेचा बोचरा वारा. अबोलीला मागून साखळीची बारीक करकर ऐकू आली. कोणीतरी तिच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून, तिच्या आडोशाने चाललं होतं.

सायकलवाल्यांत याची एक रीत असते. वारा समोरून असला की मागच्याने आडोसा घ्यावा, पण आधी विचारावं. आणि पुढच्याने, मागे कोणीही असो, हाताने खड्डे दाखवत जावं. मागच्याने रीत मोडली होती. अबोलीने मोडली नाही. ती उजवा हात खाली नेऊन खड्डा दाखवी, डावा हात हलवून पसरलेली खडी दाखवी. बोरी गाव जवळ आल्यावर मात्र तिने पायडल मारणं थांबवलं.

"फुकट वारा किती खाणार? नाव तरी सांगा."

"वारा तुमीच खायलात, मॅडम. मी तर तुमच्या मागं गुमान बसलोय." तो शेजारी आला. सायकल गिअरची, पण तिला मागे कॅरिअर आणि त्यावर एक कातडी पेटी आवळून बांधलेली. "योगीराज. बोरीला जनावरांचा डॉक्टर हाय. काल परभणीत मित्राचं लगीन होतं."

"आणि विचारायची पद्धत?"

"विचारणारच होतो. पण तुमी खड्डे इतके मायेनं दाखवायलात, म्हटलं मधी बोलून कामून बिघडवावं?"

अबोलीने मान वळवून ज्वारीकडे पाहिलं. हसू लपवायला ज्वारी बरी असते.

तो बोरीला उतरला नाही. "मला बी घाटातल्या वस्तीवर एक म्हैस बघायची हाय," म्हणत जिंतूरच्या पुढे आला. आणि घाटात एक नवल घडलं. तिसऱ्या वळणावर अबोलीचे पाय भरून आले, पण मागे कोणीतरी तिच्याहून जास्त धापा टाकतंय हे ऐकून तिला चेव आला. ती पाय न टेकवता वर पोहोचली. सुलाबाईच्या चहाच्या टपरीशी थांबून तिने मागे पाहिलं आणि खळखळून हसली. योगीराज हँडलवर डोकं टेकवून उभा होता.

"मॅडम... माझी फुफ्फुसं बोरीलाच राहिली वाटतं."

त्यानंतरचे रविवार आपोआप ठरत गेले. तो बोरीच्या फाट्यावर उभा असे; ती आली की दोघं निघत. कधी तो कोणा शेतकऱ्याने दिलेला हुरडा कागदात बांधून आणी, तर कधी ती आपल्यातला लाडू मोडून देई. मोडताना मोठा तुकडा नेमका त्याच्याकडे जाई आणि दोघंही ते न पाहिल्यासारखं करत. एकदा अवकाळी भुरभुर सुरू झाली. सुलाबाईच्या पत्र्याखाली जागा अपुरी होती. त्याच्या ओल्या बाहीचा स्पर्श तिच्या मनगटाला होत राहिला... आणि पाऊस थांबल्यावरही दोघांपैकी कोणी पहिल्यांदा उठेना.

घाटात मात्र दर वेळी अबोलीच जिंकत होती. "घाटातल्या वस्त्यांवर फिरणारा माणूस आणि हा दम?" ती चिडवी. "तुमच्या म्हशींना सायकलवर बसवलं तरी याहून बरं चढतील."

"म्हशींना सांगून बघतो," तो म्हणे.

सव्वीस जानेवारीला दोन आठवडे उरले होते. त्या रविवारी त्याचा निरोप आला : गाय अडली आहे, तुम्ही पुढे व्हा. अबोली एकटीच घाट चढली. चढ नेहमीपेक्षा लांब वाटला. पाय टेकवला नाही, पण तिसऱ्या वळणावर टेकवावासा मात्र फार वाटला. टपरीशी येऊन ती बाकावर बसली.

"आज डाक्टर न्हाईत?" सुलाबाईने गाळणी आपटत विचारलं.

"येतायत मागून. अजून तासभर तरी लागेल त्यांना. घाट जमत नाही त्यांना."

सुलाबाईने चहा ओतायचं थांबवलं. "कुणाला? डाक्टरला? माय, हप्त्यातून तीन डाव वर येतेत ते वस्तीवर. गाणं म्हणत येतेत. आवाज लय वंगाळ हाय, पर दम न्हाई लागत त्यान्ला."

"मग रविवारी?"

"रविवारीच लागतो. मला वाटलं, उपास असंल."

तेवढ्यात खालच्या वळणावरून खरोखरच गाणं ऐकू आलं. सूर कुठला, ताल कुठला. पाठोपाठ कॅरिअरवरच्या पेटीसकट योगीराज वळणावरून झरझर वर येताना दिसला. सीटवरून उठलासुद्धा नव्हता. मग त्याला टपरीला टेकवलेली तिची सायकल दिसली. गाणं थांबलं. खांदे पडले, मान डोलू लागली आणि तो मोठमोठ्याने धापा टाकू लागला.

सुलाबाईने पदर तोंडाला लावला. अबोली हसली नाही.

"पुरे, डॉक्टर. श्वास घ्या नीट."

तो जवळ येऊन उभा राहिला. चेहरा उतरला होता. "सुलामावशीनं सांगितलं का?"

"तुम्ही स्वतःच दाखवलंत आता. इतके दिवस मी समजत होते, मला घाट जमायला लागला. त्याच भरवशावर मी त्या बायकांना नेणार होते. माझ्याच पायांबद्दल खोटं बोललात तुम्ही माझ्याशी."

"तसं मनात नव्हतं..." तो अडखळला. "पहिल्या दिवशी वर आल्यावर तुमी मागं वळून हसलात. ते बघायचं तर मागं राहावं लागतं. मग दर रविवारी राहायलो."

दुसऱ्या कुठल्या दिवशी या बोलण्याने तिचे कान तापले असते. ते आजही तापलेच. पण राग खाली बसला नाही. "मला हरता येतं, योगीराज. तुम्ही हरू दिलं नाहीत." चहा तसाच ठेवून ती उतारावर निघाली.

पुढचा आठवडा तिने प्रयोगशाळेत मान खाली घालून काढला. मोडांकडे पाहताना एक गोष्ट तिला स्वतःपाशी कबूल करावी लागली : राग खरा होता, आणि बोरीच्या फाट्याची आठवणही तितकीच खरी होती. शनिवारी तिने निरोप पाठवला : "उद्या घाटात कोणी कोणासाठी थांबायचं नाही. तुमच्या पुऱ्या जोराने चढायचं. जमणार असेल तर या."

उत्तर आलं : "येतो."

रविवारी घाटाच्या पायथ्याशी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. योगीराजने पायडलवर पाय ठेवला. तो निघाला, आणि असा निघाला की दुसऱ्या वळणाआधीच दिसेनासा झाला. त्याने एकदाही मागे पाहिलं नाही. त्याला ते किती जड गेलं असेल, हे त्याच्या ताठ मानेवरून अबोलीला कळलं... आणि तिला मनापासून बरं वाटलं.

मग उरला तो फक्त तिचा श्वास आणि तिचा चढ. सागाची वाळली पानं रस्त्यावर सरकत होती. तिसऱ्या वळणावर सायकल जवळजवळ उभीच राहिली. तिने हलका गिअर टाकला, दात आवळले आणि पुढच्या दगडापर्यंत, मग त्याच्या पुढच्या दगडापर्यंत असं करत वळण मागे टाकलं. वेग बैलगाडीचा होता, पण स्वतःचा होता. नवख्या बायकांना याच वेगाने नेता येईल, हे चढता चढता तिला उमगलं. आजवर ती ज्या घाईने चढली होती, त्या घाईने बायका अर्ध्यातच बसल्या असत्या.

ती वर पोहोचली तेव्हा योगीराजचा दुसरा चहा चालला होता. तो उठून उभा राहिला.

"लय उशीर केला, मॅडम," तो गंभीरपणे म्हणाला.

"लय," ती धापा टाकत म्हणाली. "मस्त हरले."

"पाय?"

"नाही टेकवला."

त्याने तिच्या हातात कप दिला, आणि बराच वेळ कपाकडेच पाहत राहिला. "एक खरं सांगायचं राहिलंय. आता खोटं बोलायची सोय न्हाई म्हणून सांगतो. घाट असो नसो, मला रविवार तुमच्यासंगच पाहिजे. आणि... बाकीचे वार बी."

सुलाबाईला एकाएकी स्टोव्ह साफ करायची आठवण झाली.

अबोलीने चहा सावकाश संपवला. उत्तर तिच्याजवळ होतंच. ते कोणाला आधी द्यायचं, एवढंच ठरवायचं होतं. तिने जर्सीच्या खिशातून फोन काढला.

"बाबा, आईला सांगा, आज जेवायला आणखी एक जण आहे... नाही, क्लबचं कोणी नाही. बोरीचे डॉक्टर... हो, त्यांच्याविषयीच बोलायचंय तुमच्याशी. दुपारी घरीच थांबा."

पलीकडे काशीनाथरावांनी चष्मा पुसला असावा. मग म्हणाले, "ते बसनं येणारेत का?"

"सायकलवर, बाबा."

"मग भाकरी जास्तच टाकाव्या लागतील," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अबोलीने सुलाबाईचे पैसे बाकावर ठेवले, हेल्मेटचा पट्टा लावला आणि योगीराजकडे पाहिलं. तो अजून रिकामा कप धरून उभा होता.

"चल," ती म्हणाली. "आई ताट वाढून ठेवेल."