रोलर न फिरलेलं वळण

"अहो! अहो सायकलवाल्या ताई... थांबा, थांबा, थांबा!"

तिने हाक ऐकली, पण ब्रेक दाबेपर्यंत उशीर झाला होता. पुढचं चाक ओल्या मुरमात रुतलं, मागचं घसरलं, आणि नुकत्याच सपाट केलेल्या त्या देखण्या वाटेवर एक लांबलचक वाकडी चरी उमटली. ती पडली नाही, एवढीच काय ती अब्रू राहिली.

झाडांमागून एक उंच माणूस धावत आला. बुटांना चिखल, केसांत धूळ, हातात मोजपट्टी. त्याने आधी चरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पाटी दिसली नाही? केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, काम चालू आहे म्हणून!"

"दिसली की."

"मग?"

"मला वाटलं... कधीतरी चालू असेल. अशा पाट्या काम संपल्यावरही वर्षानुवर्षं उभ्याच असतात."

त्याला हसू येत होतं, पण त्याने ते दाबलं. "डोळे तपासून घ्या एकदा."

"मीच तपासते, लोकांचे. चौकात चष्म्यांचं दुकान आहे आमचं. या कधीतरी. असं रागाने बघत राहिलात तर नंबर वाढेल तुमचा."

आता मात्र तो मोकळेपणी हसला. आणि त्या हसण्याने तिचं जे काही व्हायचं ते झालं. माणसाला पुढचं कळत नाही हे बरंच आहे म्हणायचं.

शहराच्या कडेपासून जंगलातून, नदीच्या काठाकाठाने वर धरणापर्यंत जाणारी ती वाट फक्त सायकलींसाठी होती. तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले, म्हणजे मोटार सोडाच, स्कूटरसुद्धा आत शिरायची नाही. वाट बांधायचं काम बाहेरगावाहून आलेल्या या उंच माणसाकडे होतं; ते संपलं की तो जाणार. मजूर त्याला पाठीमागे 'खडीसाहेब' म्हणत. ती तोंडावर म्हणू लागली. त्याने तिचं नाव 'चष्मेवाली' ठेवलं आणि फिट्टंफाट केली.

खडीसाहेबाची एक पद्धत होती. वाटेचा एकेक तुकडा रोलर फिरवून झाला की तो स्वतःहून 'झालं' म्हणत नसे. एखाद्या सायकलवाल्याला त्यावरून जाऊ द्यायचं, त्याने 'ठीक आहे' म्हटलं तरच तुकडा पुरा. चरी पाडण्याची शिक्षा म्हणून ते काम आता चष्मेवालीकडे आलं. दर रविवारी, दुकान बंद असे तेव्हा, ती आपली जाड टायरची सायकल घेऊन हजर.

आणि काय चुका काढायची! इथे खडी मोठी आहे, तिथे पाणी साचेल, या उतारावर चाक पळतंय. तो मान डोलवून ऐके आणि तुकडा पुन्हा उकरायला लावी. आपल्या प्रत्येक तक्रारीने त्याचा मुक्काम थोडा लांबतोय, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला. त्याच्या ते पहिल्याच रविवारी लक्षात आलं होतं.

पाहणी झाली की दोघं मिळून परत येत. मोठ्या रस्त्यावर दोघांनी सायकल चालवायची म्हणजे एक पुढे, एक मागे, आणि कानाशी हॉर्न. इथे शेजारी-शेजारी चालवता येई. टायरखाली खडी बारीक कुरकुरायची, ओल्या पानांचा वास यायचा, आणि बोलणं संपलं तरी अवघडल्यासारखं व्हायचं नाही. त्याची सायकल उसनी होती आणि चांगलीच बुटकी. त्याचे गुडघे दोन्हीकडे असे बाहेर यायचे की ती हसून हसून वाटेवरून उतरायची.

"टायर दगडासारखे टणक ठेवलेत तुम्ही," एकदा ती म्हणाली. "मग हाडं खिळखिळी होणारच. थोडी हवा सोडा."

तो चाकाशी बसला. त्याला जमेना, म्हणून तिने त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवून दाबलं. हवा हळूच सुटत राहिली... जरा जास्तच वेळ.

"सगळ्यांनाच अशी हवा सोडायला लावता?"

"ज्यांच्यात जास्त भरलेली असते, त्यांना."

त्याच दिवशी परतताना 'तुम्ही'चं 'तू' झालं. कोणी आधी म्हटलं, ते दोघांनाही आठवलं नाही.

दुकानात आत्याच्या नजरेतून काही सुटत नसे. आईवडिलांमागे तिनेच हिला वाढवलेलं. "बोललीस का त्याला?" ती काचा पुसता पुसता विचारी.

"तो बोलेल ना."

"आणि तो म्हणत असेल, ती बोलेल. बसा दोघं 'आधी तू, आधी तू' करत!"

मग एका सकाळी, खांबांपाशी रोलर चालवणारे काका भेटले. इकडेतिकडे बघत ते हळूच म्हणाले, "पोरी, वरचे साहेब काल फार ओरडले खडीसाहेबांना. काम लांबतंय म्हणे. आणखी एक तक्रार निघाली तर पुढचं डोंगरातलं मोठं काम त्यांच्या हातचं जाईल."

ती सायकल धरून तशीच उभी राहिली. डोंगरातल्या त्या कामाबद्दल तो किती भरभरून बोलायचा... आणि आपण? आपल्या हौसेपायी त्याच्या पोटावर पाय देतोय? त्या क्षणी तिने ठरवलं, यापुढे एकही खोट काढायची नाही.

राहिला होता शेवटचा तुकडा. धरणाच्या अलीकडे वाट नदीकडे झुकून एक सुंदर वळण घेते, तो. ती वेगात वळली, आणि तिच्याखालची जमीनच सरकली. खडी मोठी, सैल, नुसती पसरलेली. चाक आडवं गेलं, ती सणकून आपटली. तळहात सोलवटला, गुडघ्यावर पॅंट फाटली.

तो पुढे, झाडांपलीकडे थांबला होता. त्याला काही दिसलं नसणार. ती उठली, हात नदीच्या पाण्यात बुडवला, खिशातला हातमोजा चढवला, फाटक्या गुडघ्यावर जॅकेट बांधलं आणि हसत हसत त्याच्यासमोर जाऊन उतरली.

"कसं वाटलं?" त्याने विचारलं. आवाज जरा कोरडा होता.

"छान."

"सगळं?"

"सगळं."

"ते... वळणसुद्धा?"

"लोण्यासारखं."

तो तिच्याकडे बघत राहिला. "नीट बघितलंस? तुझं तर नेहमी काहीतरी निघतं. आज एकही खोट नाही?"

"नाही रे. झालंय काम. सांगून टाक तुझ्या साहेबांना."

त्याचा चेहरा उतरला. तिला वाटलं, थकला असेल.

"म्हणजे... इथलं माझं संपलं."

"संपलं," ती म्हणाली. आता तरी हा काही बोलेल म्हणून ती थांबली. तोही थांबला. हातमोज्याच्या आत तळहात चुरचुरत होता.

"टायरमध्ये हवा कमीच ठेव," शेवटी तो म्हणाला. आणि त्याच आठवड्यात गेला.

एक पावसाळा असाच गेला. ती त्या वाटेवर जायची, पण वळण आलं की उतरून सायकल हातात धरायची.

मग रोलरकाका दुकानात आले. लांबच्या कामावरून परतले होते, वाचायचा चष्मा हवा होता. तिने त्यांना खुर्चीवर बसवलं, काच बदलली. "हे स्पष्ट दिसतंय की हे?"

"हे." आणि थोडं थांबून, "पोरी, त्या वळणावर तू पडली होतीस ना? मी पाहिलं लांबून."

तिचा हात काचेवरच राहिला.

"तिथे रोलर फिरलाच नव्हता. खडीसाहेबांनी फिरवू दिला नाही. मी म्हटलं, अहो, पडेल ती! तर म्हणाले, पडणार नाही, हात पक्का आहे तिचा. पण तिला कळेल. ती तक्रार करेल, आणि मला थांबता येईल. आणि नाही केली... तर मी जावं असंच तिला वाटतंय, असं समजेन."

"पण काका, पुढचं काम गेलं असतं त्याचं!"

"ते त्यांना ठाऊक होतं की. मला वाटलं, तुमचं आपसात बोलणं झालं असेल. मी कशाला मध्ये पडू?"

काका गेल्यावर आत्याने दुकानाचं दार लोटून घेतलं. चष्मेवालीने फोन लावला.

"हॅलो... त्या वळणावर खडी सैल आहे."

"लागलं होतं तुला?"

"हो. हाताला. गुडघ्याला."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुझं काम जाईल म्हणून."

"कोणाला हवं होतं ते काम! मला तू हवी होतीस."

"मलाही तूच हवा होतास," ती म्हणाली. इतकं सोपं होतं ते म्हणणं. तिचा तिलाच राग आला.

"मी..." तो अडखळला. "मागच्या आठवड्यात घरी होकार कळवलाय. शिक्षिका आहे ती. चांगली आहे. तिचा यात काहीच दोष नाही."

"नसणारच."

"तू म्हणालीस तर मी अजूनही..."

तिने डोळे मिटले. किती सोपं होतं हेही. एक 'ये' म्हटलं की झालं. पण कुठेतरी एक मुलगी आत्ता खुशीत असेल, तिने काय कोणाचं घोडं मारलंय?

"नको," ती म्हणाली. "फक्त एक कर. तिला जे सांगायचं ते तोंडाने सांगत जा. अशा परीक्षा घेऊ नकोस. आम्ही नापास होतो."

तो हसला की रडला, कळलं नाही. मग म्हणाला, "ते वळण... दुसरं कोणी पडेल तिथे. मी कळवतो तिकडे."

राहू दे, असं अगदी ओठांवर आलं होतं तिच्या. त्याने तिच्यासाठी मागे ठेवलेलं तेवढंच तर होतं.

"कळव," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती गेली तेव्हा दोन अनोळखी मजूर अवजारं आवरत होते. वळण सपाट झालं होतं. बारीक खडी घट्ट बसलेली, कडेला नदी मजेत वाहत होती.

"ताई, बघता का जरा चालवून? नीट झालंय ना?" एकाने विचारलं.

या वेळी ती उतरली नाही. सायकलवरूनच वळली. एकही खडा हलला नाही.

"छान झालंय," पलीकडे जाऊन ती म्हणाली. या वेळी ते खरं होतं.