कोड्याच्या पोटात

रविवारी सकाळी पेपर दारात पडला की टकळी तिसरं पान ओढून घ्यायची आणि उरलेला पेपर आईकडे सरकवायची. तिसऱ्या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात शब्दकोडं असायचं आणि ते तिच्या बाबानं केलेलं असायचं. बाबा नोकरीनं मुद्रितशोधक, म्हणजे आठवडाभर लोकांच्या चुका काढायचा, आणि हौसेनं कोडेकार. त्याची कोडी सरळ वाटेनं जाणारी नसायची. 'आजोबा गप्प झाले आणि त्यांच्या पोटात फुलझाडं उगवली, अक्षरं दोन.' आजोबातला 'बा' घ्यायचा, गप्पमधला 'ग' घ्यायचा. बाग! हे टकळीनं सातव्या वर्षी सोडवलं आणि जिन्यातल्या एकूण एक घराची बेल वाजवून सांगून आली. तिला टकळी म्हणतात ते काही उगीच नाही.

बाबाची एक खोड होती. तो आधी चौकटीत उत्तरं मांडायचा, प्रश्न मागाहून रचायचा. आणि त्या उत्तरांतली तीन-चार अशी निवडायचा की ती एकापुढे एक ठेवली तर घरातलीच एखादी गोष्ट निघावी. वाचकांना याचा पत्ता नसायचा. आई पडदे लावताना पडली त्या आठवड्यात कोड्यात 'पडदा', 'स्टूल' आणि 'आपटबार' निघाले. सगळ्या गावानं ते निमूटपणे सोडवलं. आई दोन दिवस बोलली नाही. घरात याला 'पोटातली गोष्ट' म्हणायचे.

चार महिन्यांपूर्वी तिघं भाड्याच्या गाडीनं एका लग्नाला निघाले होते. वळणावर समोरून ट्रक आला. आईच्या कपाळाला सात टाके पडले, टकळीला साधं खरचटलंही नाही. बाबा गेला.

पेपरकडे त्याची करून ठेवलेली कोडी शिल्लक होती. उपसंपादक काका म्हणाले, आहेत तोवर छापू. आई त्या पानाकडे बघायची नाही. टकळी मात्र हटून बसायची. शाळेत हल्ली तिचा आवाज चढला होता, वर्गात उभं राहून बोलायची, बाईंना उलट प्रश्न विचारायची. पण रविवारी त्या अर्ध्या तासात ती शब्दही काढायची नाही. पोटातल्या गोष्टी जुन्याच असायच्या. कधी मावशीचं भांडण, कधी गळका नळ. वाचून ती थोडं हसायची, थोडं रडायची, आणि पान घडी करून ठेवायची.

मग एका रविवारी निघाले 'दूध', 'नासणे', 'एकटा' आणि 'ओटा'.

टकळीनं न राहवून ते मोठ्यानं वाचलं. आईचा हात कपावरच थांबला.

"त्याला नासलेलं दूध कळायचंच नाही," ती म्हणाली. "वास घ्यायला भांडं माझ्या नाकाशी आणायचा."

"पण एकटा कधी होता गं तो? तू तर माहेरीसुद्धा दोन दिवसांच्या वर राहायची नाहीस."

"गप बस, टकळे. कोडं आहे ते. त्यात काय, कुठलाही शब्द येतो."

पुढच्या आठवड्यात 'चष्मा', 'गणवेश', 'कपाट', 'धूळ'. टकळीनं स्वतःची समजूत घातली की बाबाला कुठून तरी घरातलं दिसतंय. आनंदानं तिच्या अंगावर काटा आला. तिनं कपाट उघडून पाहिलं. गणवेश धुतलेला, इस्त्री केलेला. धुळीचा कणही नाही. चष्मा आईच्या नाकावर होता.

त्यानंतरच्या रविवारी 'भिंत', 'हातोडी', 'तसबीर' आणि 'दोन खिळे'.

टकळी बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. बाबाचा फोटो आईनं स्वतः लावला होता, ठोकताना अंगठाही ठेचून घेतला होता. खिळा एकच होता. फोटो एकच होता.

"आई," ती म्हणाली, "दोन कुणाचे?"

 आई उठली, तिनं टकळीच्या हातातलं पान घेतलं आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा बाबाच्या कोड्यावर नजर फिरवली. एकदा. मग परत एकदा. मग ती खाली बसली.

"आपले," टकळीच म्हणाली. "तिकडे आपण दोघी गेलोय. तो उरलाय."

"वेड लागलंय तुला."

पण तिचा आवाज रागाचा नव्हता.

सोमवारी शाळा बुडवून टकळी पेपरच्या कचेरीत गेली. जिन्यात कागदाचा आणि जुन्या चहाचा वास होता. उपसंपादक काकांचं टेबल खिडकीपाशी, त्यावर कात्रणांचे ढीग, आणि त्या ढिगांमागे काका.

"काका, बाबाची किती कोडी उरलीत?"

"उरलीत?" काकांनी चष्मा वर सरकवला. "अगं, शिल्लक होती बारा. ती कधीच संपली. त्यानंतर तुम्हीच पाठवताय ना दर आठवड्याला टपालानं? मला वाटलं, वहिनींना घरात सापडतायत."

त्यांनी खणातून पाकिटं काढली. सात होती. आत आखीव कागद, निळी शाई, बाबाचं अक्षर. शेवटचं पाकीट अजून छापायचं होतं. टकळीनं उभ्या उभ्या ते वाचलं. बाबा उत्तरं सोबत द्यायचा, सोडवायची गरज नव्हती.

'खोकी'. 'दप्तर'. 'वाटप'. 'स्वेटर'.

ती धावतच घरी आली. माळ्यावर तिचं प्राथमिक शाळेतलं लाल दप्तर असायचं. तिथे धुळीत फक्त एक चौकोन होता, स्वच्छ. आईचा करडा स्वेटर दाराच्या मागच्या खुंटीवर नव्हता.

"सकाळी तर होता," आई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत बाथरूममधला एक टॉवेल गेला. बुधवारी टकळीच्या जुन्या वह्या गेल्या. टकळी शाळेतून आली की आई तिचा हात धरून ठेवायची, एखाद्या लहान पोरीचा धरावा तसा.

"तो आवरतोय गं," ती एकदा म्हणाली. "माणूस गेलं की आवरावंच लागतं. मी त्याचे शर्ट नाही का देऊन टाकले?"

"पण आपण गेलो नाही!"

"हे त्याला कोण सांगणार?"

यावर टकळीकडे उत्तर होतं. जगात एकच माणूस असा होता की जो कोड्याच्या पोटात बघितल्याशिवाय राहूच शकत नव्हता.

गुरुवारी ती पुन्हा काकांसमोर उभी राहिली. "या रविवारचं कोडं मी करणार."

"तू? नववीतली पोर?"

"दहावीतली."

"मग तर झालंच!" काका हसले. मग तिचा चेहरा पाहून हसायचे थांबले. "आण. बघतो."

दोन दिवस ती आखीव कागदावर खोडत बसली. आधी उत्तरं, मग प्रश्न. 'गरीब माणूस उलटा केला तर वाहू लागला, अक्षरं दोन.' दीन उलटा, नदी. बाबाला हे फुसकं वाटलं असतं, पण वाटू दे. आई शेजारी बसून शब्द सुचवत होती, आणि मध्येच म्हणाली, "हा प्रश्न अगदी त्याच्यासारखा वळवलास," आणि मग दोघींनी थोडा वेळ कागदाकडे पाहिलंच नाही. चौकटीत त्यांनी पाच शब्द पेरले. 'दोघी'. 'जिवंत'. 'घरी'. 'वाट'. 'ये'. एका अक्षराचा शब्द कोड्यात चालत नाही हे टकळीला माहीत होतं. तरी तिनं तो ठेवला.

रविवारी कोडं छापून आलं. खाली लिहिलं होतं, 'कोडेकार: टकळी'.

सोमवार गेला. मंगळवारी काही हरवलं नाही. बुधवारीही नाही. आईनं कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणलं.

शनिवारी दुपारी काकांचा फोन आला. दोघींनी या, म्हणाले. 

वाचक सोडवलेलं कोडं कापून कचेरीत पाठवायचे, तसंच एक आलं होतं. सगळी घरं निळ्या शाईनं भरलेली. पाच शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ.

"सापडलं त्याला," टकळी म्हणाली.  "आई, सापडलं!"

काकांनी सोबतचा कागद पुढे केला. आईनं वाचला. मग टकळीनं.

'संपादक महोदय, हे कोडं कुठल्या खणात सापडलं? माझ्या मुलीनं जाण्याआधी हे करून ठेवलं होतं, मला माहीत नव्हतं. पोटातली गोष्ट वाचली. त्या दोघी तेव्हा घरी माझी वाट बघत होत्या, मला यायला उशीर झाला असावा. पोरीला अशा गोष्टी लक्षात ठेवायची सवय होती.

सोळा आडव्यात तिनं अक्षरांचा आकडा चुकवला आहे. मी असतो तर बदलला असता. तुम्ही कृपया दुरुस्ती छापू नका.

घर आता मोकळं झालं आहे. एकट्याला फार मोठं होतं. शनिवारी नव्या माणसांना ताबा देतो आहे. यापुढे कोडी पाठवणं जमणार नाही.'

टकळीनं छापलेलं पान ओढलं. सोळा आडवा. चार अक्षरी शब्दापुढे पाच लिहिलं होतं.

"आज शनिवार ना?" आईनं विचारलं.

टकळी तोवर दाराशी पोचली होती.

दोघी बसनं परत आल्या. जिना चढताना आईनं तिचा हात घट्ट धरला होता. दारात नेहमीचं पायपुसणं नव्हतं.

आईनं किल्ली लावली. किल्ली आत गेली, पण फिरली नाही.

तिनं बाहेर काढून पुसली, परत लावली.

दाराखालच्या फटीतून ताज्या रंगाचा वास येत होता.