जानेवारीतला बाप्तिस्मा

फ्रेम भिंतीवरच होती. आतला कागद तेवढा गायब होता.

"चोरीला गेला, रुथ!" टेरेन्स अंकल दारातच म्हणाले. "नेमका आज!"

रुथ विमा कंपनीत खोटी कागदपत्रं पकडायची. आज मात्र ती मिल्टन शहरात अंकलच्या घरी नुसता स्कॅनर घेऊन आली होती. अंकलचे मूळपुरुष थॉमस हे इंग्रज. डेव्हनमधल्या एका खेड्यातल्या चर्चच्या जुन्या नोंदवहीत त्यांचा बाप्तिस्मा सापडला होता. फ्रेममधली त्या पानाची प्रत परदेशातल्या वसईकरांच्या स्मरणिकेत छापायची होती.

रुथने फ्रेम उलटी केली. मागचा पुठ्ठा टेप लावून नीट बंद केलेला होता. चोराला एवढी सवड?

"कालपासून घरात कोण होतं?"

"मी, तुझी आंटी आणि ॲलरॉय."

अंकलचा मुलगा सोफ्यावरून उठला. "माझ्याकडे बघू नकोस. आय हेटेड दॅट थिंग, पण घेतलं नाही. उलट माझ्याकडे फोटो आहे. फ्रेंड्सना पाठवला होता. ॲज अ जोक."

अंकलचा चेहरा पडला.

रुथने फोटो मोठा केला. वर १७४१ असा मथळा. पहिलीच ओळ थॉमसची, अकरा जानेवारी. खाली एप्रिल, मे, ऑगस्ट, डिसेंबर. तळाशी फेब्रुवारीतली दोन मुलं.

"हे पान शोधलं कोणी?"

"इझाबेलाने. माझ्या डोळ्यांना स्क्रीन दिसत नाही. मी नावं सांगायचो, ती वेबसाइटवर बघायची. चार वर्षं."

इझाबेला आंटी किचनच्या दारात उभ्या होत्या. हातातला टॉवेल पिळत.

रुथला पुढे बोलवेना. पण सगळे तिच्याकडे बघत होते.

"अंकल, त्या काळी इंग्लंडात वर्ष पंचवीस मार्चला सुरू व्हायचं. जानेवारी-फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी यायचे. म्हणून फेब्रुवारीची मुलं तळाशी आहेत. थॉमसचा जानेवारी तेवढा सगळ्यात वर. ती ओळ नंतर घातलीय, आपल्या कॅलेंडरप्रमाणे. स्कॅन करताना माझ्या लक्षात येईल, ही भीती ज्याने ओळ घातली त्यालाच वाटणार. आणि फ्रेम एवढी जपून बंद करणारा माणूस घरातलाच." तिचा आवाज खाली गेला. "आंटी, कागद कुठे आहे?"

"फाडला." इझाबेला जमिनीकडे बघत होत्या. "रोज विचारायचे, आज सापडला का? नाही म्हटलं की जेवण तसंच ठेवून उठायचे. एक दिवस हो म्हणून टाकलं. मग कागद मागितला. बेसमेंटमधल्या कॉम्प्युटरवर खऱ्या पानात ती ओळ घालून छापला. स्मरणिकेत छापतील असं वाटलं नव्हतं गं."

अंकल ओरडतील असं रुथला वाटलं. ते खुर्चीत बसले.

"डॅडी," ॲलरॉयने विचारलं, "स्मरणिकेत तुमच्या पपांचं नाव आहे?"

अंकलचे पपा वसईला केळीच्या वाडीत राबले होते. त्या राबण्यावर अंकल इंजिनिअर झाले होते.

"नाही," अंकल म्हणाले. "थॉमसनंतर एकदम माझंच."

अंकलनी फोन उचलला, संपादकांना लावला.

"आमचं पान काढा. नोंद खोटी आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. अंकलनी बायकोकडे पाहिलं. तिने तोंड टॉवेलात लपवलं होतं.

"कोणी केली म्हणजे?" ते म्हणाले. "मीच करायला लावली."