गारांवरची बदकचाल

"ओ स्वेटरवाले, दारातून आत सरका! दार काय तुमच्या नावावर केलंय का?"

साक्रीच्या बाजाराचा दिवस होता आणि धामणदऱ्याच्या एसटीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. दिपमाला गळ्यात तिकिटाचं मशीन अडकवून, कोपरांनी वाट काढत मागून पुढे येत होती. कंडक्टर होऊन तिला तीन वर्षं झाली होती. या रस्त्यावरचं प्रत्येक वळण आणि प्रत्येक म्हातारीचं गुडघेदुखीचं औषध तिला तोंडपाठ होतं. हा गडी मात्र नवा होता.

"सरकतो की, मॅडम. पण कुठे? पुढे अक्कांची मिठाची गोणी, मागे फावड्यांचा भारा, आणि बाजूला ही कोंबडी."

"कोंबडी सरकली बघा. तिला कळतं."

अख्खी गाडी हसली. तोही हसला आणि दिपमालाने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. चेहरा करपून काळा झालेला, आणि डोळ्यांभोवती मात्र मोठ्या चष्म्याच्या आकाराचा गोरा पट्टा. तिला हसू आवरेना.

"कुठे जायचं?"

"धामणदरा. दोन वर्षांनी येतोय."

"उन्हात काम दिसतंय."

"नाही… बर्फात."

थाप मारायची तर निदान पचेल अशी मारावी, असं तिच्या मनात आलं. तिने तिकीट फाडून त्याच्या हातात ठेवलं आणि पुढे सरकली.

चिंचखिंडीचा चढ लागला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. सकाळपासून आभाळ भरून आलेलं होतं, पण पौषाच्या तोंडावर असं आभाळ कितीदा येतं आणि जातं. कोणी लक्ष दिलं नाही. मग टपावर एक खडा पडल्यासारखा आवाज झाला. दुसरा झाला. आणि बघता बघता असा काही गलका उठला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. गारा! आधी हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. ड्रायव्हर झुलालनानांनी गाडी कड्याच्या आडोशाला घेतली. खिडक्या पटापट खाली आल्या, पोरं किंचाळली, कोंबडी कोणाच्या मांडीवर जाऊन बसली ते कळलंच नाही.

पाव तासाने सगळं एकदम थांबलं.

दिपमालाने दार उघडलं आणि ती पायरीवर तशीच उभी राहिली. डोंगर पांढरा होता. रस्ता पांढरा होता. पळसाच्या बुंध्याशी, बांधावर, दरीत उतरणाऱ्या पायवाटेवर सगळीकडे तेच पांढरं, आणि त्यातून दुधावर यावी तशी वाफ उठत होती. ज्या डोंगराकडे तिने तीन वर्षं रोज चार वेळा पाहिलं होतं, तो तिच्या ओळखीचा राहिला नव्हता. तिला वाटलं, आपण मोठ्याने श्वास घेतला तरी हे मोडेल.

"माय वं…" मिठाच्या गोणीवाल्या झुंबरबाई तिच्या खांद्यावरून बघत पुटपुटल्या, "बठ्ठं धवळं व्हई गयं!" आणि मग त्यांना खालचं आपलं शेत दिसलं. "मन्हा हरभरा…"

खाली ज्यांची शेतं होती ते सगळे तिकडे पाहत होते. इतकं देखणं, आणि इतकं वाईट. दिपमालाला आपल्या डोळ्यांचा राग आला, पण ते तिथून हलत नव्हते.

नानांनी गाडी सुरू केली. चाकं गरगरली, गाडी पुढे जायच्या ऐवजी हातभर मागे घसरली आणि दरीच्या बाजूला झुकून थांबली. आत एकच आरडाओरड झाली.

"उतरा! हळू, एकेक करून उतरा!" दिपमाला ओरडली. दोघातिघांनी चाकांमागे दगड लावले. पण खाली उतरलेली माणसं घाबरून चढावरच नाचायला लागली, कोणी टाचांनी गारा चेपायला लागलं, म्हणजे गाडी चढेल म्हणे!

"तुडवू नका!"

आवाज स्वेटरवाल्याचा होता. मघाशी कोंबडीशी जागेसाठी भांडणारा हाच का तो, असं वाटावं इतका वेगळा.

"तुडवलं की त्याची काच होते. मग गाडी काय, बकरीसुद्धा चढणार नाही. बाजूला व्हा सगळे. फावड्यांचा भारा कोणाचा?"

झुलालनाना कमरेवर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, तुले काय माहीत रे यातलं?"

"नाना, मन्हं कामच ते शे. लडाखकडे खिंडीतला रस्ता मोकळा करस मी. सहा वर्षं व्हई गयी."

थाप नव्हती तर! दिपमालाने त्याच्या डोळ्यांभोवतीच्या गोऱ्या पट्ट्याकडे पुन्हा पाहिलं, आणि या वेळी तिला हसू आलं नाही.

त्याचं नाव अभिमन. पुढचा एक तास चिंचखिंडीत त्याचंच राज्य होतं. त्याने बाजाराची नवी कोरी फावडी माणसांच्या हातात दिली. सगळा रस्ता साफ करायचा नाही, फक्त चाकांपुरते दोन पट्टे. गारा दरीच्या बाजूलाच लोटायच्या, डोंगराच्या बाजूला टाकल्या तर वितळून पाणी परत रस्त्यावर येईल. बायांनी बाजारातून घेतलेल्या नव्या खराट्यांनी मागून झाडत यायचं. पोरांनी रस्त्याच्या मोरीखालचा कोरडा मुरूम टोपल्यांनी आणायचा आणि पट्ट्यांवर पसरायचा. तो स्वतः सर्वांत पुढे होता. फावडं जमिनीला अगदी सपाट धरून असं सरकवायचा की मागे डांबर काळं कुळकुळीत उघडं पडायचं. ना घाई, ना दमछाक. इतका साधा माणूस, इतकं साधं काम, आणि आपला ऊर का असा भरून येतोय ते दिपमालाला कळेना.

"अक्का, तुमचं मीठ लागंल," तो झुंबरबाईंना म्हणाला. "त्याने चिकटलेल्या गारा वितळतील."

"ढोरंसले लिधेल शे ते!" ढोरांसाठी घेतलेल्या त्या गोणीवर त्यांनी बैठकच मारली.

"नवी गोणी मी घरी आणीसन देसू."

झुंबरबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग उठल्या. "ले मंग. पोऱ्या शाना शे."

पट्टे कुठवर आलेत ते पाहायला दिपमाला वर निघाली, आणि तिसऱ्याच पावलाला तिचे दोन्ही पाय पुढे गेले. ती धपकन बसली. मशीन एकीकडे, ओढणी दुसरीकडे. कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून तिने मान वर केली. त्याने पाहिलं होतं.

"हसू नका."

"हसत नाही. मी पहिल्या हिवाळ्यात दिवसातून सात वेळा पडायचो." तो चार हातांवर थांबला. हात पुढे करावा की नाही, याचा त्याने जरासा विचार केला आणि फावड्याचा दांडा पुढे केला. "धरा."

तिने दांडा धरला. त्याच्या टोकाला त्याची पकड तिला स्पष्ट जाणवत होती.

"आता बदकासारखं चालायचं. पाय बाहेरच्या अंगाला, पाऊल सपाट, छोटं. सगळा भार पुढच्या पायावर. हात मोकळे."

"शोभेल का मला ते? सरकारी ड्रेस आहे अंगावर."

"शोभायचं असेल तर पडा… आणि पोचायचं असेल तर असं चाला. जिथे पडायची भीती वाटते, तिथे हीच चाल."

ती चालली. डुलत, डुगडुगत, दांड्याचं एक टोक धरून. खाली गारा करकरत होत्या, वर ढगातून ऊन फुटलं आणि सगळा डोंगर एकदम असा झळकला की दोघंही जागच्या जागी थांबली.

"तुमच्याकडे… रोज असं असतं?"

"याच्याहून शंभरपट. आपली एसटी आहे ना, तशा दोन एकावर एक ठेवल्या तरी भिंत वर उरते. आत कापत गेलं की बर्फ निळा दिसतो. आणि पडताना आवाजच करत नाही."

"आवाज नाही?"

"अजिबात नाही. रात्रीत सगळं जग बदलतं आणि आपल्याला कळतही नाही."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. निळा बर्फ! तिला तो दिसल्यासारखाच झाला. मग खालून नानांचा हॉर्न वाजला आणि तिला आपण ड्यूटीवर असल्याची आठवण झाली. गाडी मुरमाच्या पट्ट्यांवरून गुरगुरत, एकदाही न घसरता, चढ चढून गेली. माणसांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी चढावर एकही गार उरली नव्हती. पण सकाळच्या फेरीला अभिमन गाडीत होता.

"कुठे?"

"साक्री. मीठ आणायचंय अक्कांचं."

तिसऱ्या दिवशी, "साक्री. गोणी फाटकी निघाली." पाचव्या दिवशी, "साक्री… असंच." झुलालनाना आरशातून सगळं बघत आणि मिशीत हसत. झुंबरबाई मुद्दाम कंडक्टरच्या सीटशेजारची जागा त्याच्यासाठी धरून ठेवत. "बस रे आठे, तठे वारं लागस," असं वर सांगत. हरभरा गेल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर होतंच, पण या दोघांकडे बघताना ते घटकाभर बाजूला ठेवलेलं असे.

एकदा गाडी रिकामी असताना तिने विचारलं, "लग्न नाही झालं?"

"ठरत आलं होतं. फैजपूरकडचे होते. मुलगा काय करतो विचारलं, तर आमचे आबा म्हणाले, बर्फ काढतो. त्यांना वाटलं, बर्फाच्या गोळ्याची गाडी आहे."

ती खळखळून हसली.

"मग मी नीट समजावून सांगितलं. तेव्हा मुलीचे काका म्हणाले, म्हणजे रस्ता झाडतो होय!" तो खिडकीबाहेर पाहू लागला. "त्या दिवशी ठरवलं. आता कोणाच्या दारात जाऊन मी बर्फ काढतो हे सांगायचं नाही. कोणाला विचारायचंच नाही."

तिचं हसू कुठल्या कुठे गेलं. तो ठरवलं ते करणारा माणूस आहे, हे तिने त्या चढावर पाहिलं होतं. म्हणजे हा विचारणार नाही. आणि आपण? चाळीस माणसांना पुढे सरका म्हणून दरडावणारी आपण, पण स्वतःच्या गोष्टीत जीभ टाळूला चिकटते. तो नाही म्हणाला तर? याच रस्त्यावर, याच माणसांसमोर रोज चार फेऱ्या मारायच्या आहेत. बिचारी रात्रभर कुशी बदलत राहिली.

सुट्टी संपायचा दिवस उजाडला. खिंडीत बर्फ साचायला लागला होता, वरून बोलावणं आलं होतं. धुळ्याला जाऊन पुढे भुसावळहून रेल्वे. सकाळच्या फेरीला त्याने तिच्याकडून साक्रीचं तिकीट घेतलं आणि उतरताना एवढंच म्हणाला, "येतो, मॅडम."

"या," ती म्हणाली. बस. एक अक्षर! स्वतःच्या थोबाडीत मारावी असं तिला झालं.

साक्रीच्या स्टँडवर धुळ्याची गाडी फलाटाला लागलेली होती. तो खिडकीशी बसला होता, मांडीवर बॅग. त्या गाडीची कंडक्टर लताबाई तिकिटं काढून पुढे आली, आता बेल देणार. दिपमाला समोरच्या फलाटावर आपल्या गाडीच्या पायरीवर उभी होती. मधे वीस पावलांचं डांबर. कोरडं ठाक, सकाळच्या उन्हात उजळलेलं.

तिने पाऊल टाकलं. पाय बाहेरच्या अंगाला, सपाट, छोटं. दोन्ही हात मोकळे. दुसरं पाऊल. तिसरं. भर स्टँडवर, खाकी ड्रेसमध्ये, गळ्यात मशीन घेऊन साक्री डेपोची कंडक्टर बदकासारखी डुलत डुलत निघाली होती.

चहावाल्याची किटली हवेत राहिली. "हाई काय खूळ शे वं?" कोणीतरी म्हणालं. तिचे कान तापले होते, डोळ्यांत पाणी येत होतं, पण ती थांबली नाही.

अभिमनने खिडकीतून पाहिलं. आधी त्याला काही उमगेना. मग उमगलं, आणि तो बॅग तशीच टाकून धाडधाड खाली उतरला.

"मॅडम… रस्ता तर कोरडा आहे."

"माहितीये."

"मग?"

"तुम्हीच सांगितलं होतं. पडायची भीती असेल तिथे असंच चालायचं." "तुम्ही विचारणार नाही, म्हणून मी विचारते. माझ्याशी लग्न कराल? माझ्या घरी मुलगा बर्फ काढतो हे मी स्वतः सांगेन. ताठ मानेने सांगेन. आणि… मला तो निळा बर्फ बघायचाय."

त्याचा चेहरा त्या दिवशीच्या डोंगरासारखा झळकला होता, डोळ्यांभोवतीच्या गोऱ्या पट्ट्यासकट. त्याने हात पुढे केला. या वेळी हातात फावडं नव्हतं.

"मार्चमध्ये सुट्टी मिळेल," तो कसाबसा म्हणाला. "आबांना घेऊन तुमच्या दारात येतो. मी बर्फ काढतो, हे त्या दारात सांगायला मला आवडेल."

तिने हात धरला. अख्ख्या स्टँडसमोर. तळव्यावरचे फावड्याचे घट्टे तिच्या बोटांना लागले आणि तिला ते फार आवडले.

"ओ नवरदेव," लताबाई दारातून म्हणाली, "धुळ्याला जायचं की नाही? गाडी लेट होतेय. दिपे, तूच दे आता बेल. माझ्याने नाही देववत."

तो चढला. दिपमालाने पायरीवर पाय ठेवून दोरीला हात घातला आणि त्याच्याकडे बघतच दोनदा ओढली. ठण्ण… ठण्ण. गाडी हलली, फाटकातून वळली, खिडकीतला हात दिसेनासा होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग डोळे पुसून वळली आणि आपल्या गाडीकडे निघाली.

झुलालनाना स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बघत होते. "अवं, आते तरी नीट चाल!"

"नाही जमत, नाना," ती म्हणाली, आणि तशीच डुलत डुलत येऊन गाडीत चढली.