हेगर्टी साहेबांची चाळीस पानं

पाचगणीहून पहिल्या एसटीनं आलेले हेगर्टी साहेब वर्धमान चौगुल्यांच्या खोलीत शिरले आणि खुर्चीत मटकन बसले. वर्धमान म्हणजे सांगलीतले एकुलते एक खासगी गुप्तहेर. त्यांचे साथीदार नाथाजी, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार, लगबगीनं पाणी घेऊन आले.

"माझी चाळीस पानं चोरीला गेली," साहेब म्हणाले.

साहेब मूळचे आयर्लंडमधल्या कॉर्कचे. तिथं त्यांनी पुस्तकं लिहिली, प्रकाशन काढलं आणि बुडवलंही. मग पाचगणीला शाळेत शिकवता शिकवता पुन्हा तोच उद्योग मांडला. आता शहात्तराव्या वर्षी त्यांनी स्वतःचंच आयुष्य लिहून काढलं होतं. शेवटची चाळीस पानं त्यांनी शनिवारी इथल्या लालासाहेबांच्या छापखान्यात दिली आणि सोमवारी ती गायब झाली. दुसरी प्रत नव्हती.

"हात थरथरतो, डोळ्यांत मोतीबिंदू. पुन्हा लिहिणं आता माझ्याच्यानं होणार नाही."

साहेबांनी सगळा तपशील एका कागदावर पेन्सिलीनं लिहून आणला होता. नाथाजींनी तो उलटून पाहिला. मागं इंग्रजी छपाई आणि त्यावर भली मोठी लाल फुली.

"वर्धमानराव, ही धमकी हाय!"

वर्धमान हसले आणि कागद खिशात घालून दोघांसह छापखान्याकडे निघाले.

छापखान्यात शाईचा आणि खळीचा वास कोंदला होता. मालक लालासाहेब तावातावानं म्हणाले, "सिद्धूचंच काम! पगारावरून भांडला होता. एक तर हे चौऱ्याहत्तर साल, कागद मिळेना, पुठ्ठा मिळेना, त्यात ही कटकट. साहेब तरी काय, आमची रद्दीसुद्धा मागून नेतात!"

"आणखी काय गेलं?" वर्धमानांनी विचारलं.

"काही नाही. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जागच्या जागी आहेत."

खिळे जुळवणारा सिद्धू रडकुंडीला आला होता. "म्या कशाला चोरू? साहेबांची ताकीद हाय, छापायच्या आदी कुनी वाचायचं न्हाई. म्हनून पानं टेबलावर पालथी घातली, वर पट्टी ठिवली आन् घरला गेलो."

"घाम फुटलाय बघा त्याला," नाथाजी कुजबुजले.

शेवटी राहीबाई. बांधणी विभाग म्हणजे त्या एकट्याच. खळीत मोरचूद टाकून ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, "साहेबांचं लिवलेलं कागुद म्या डोळ्यानं बगितलं न्हाई. आईची आन."

"पुठ्ठा मिळत नाही म्हणता, मग या बांधलेल्या हजेरीपटांना काय लावता?" वर्धमानांनी विचारलं.

"परुफं, दादा. लाल फुली मारली की रद्दी. धा-धा कागुद खळीनं चिकटवायचं, दाबाखाली ठिवायचं. चार पुठ्ठं परवाच केल्यात."

वर्धमानांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं.

"चोरी झालेलीच नाही. चोरानं शिसं सोडून कागद नेला नसता. साहेबांची चिठ्ठी बघा. पुढं पेन्सिल, मागं फुली मारलेलं प्रूफ. कागदटंचाईत साहेब जुन्या प्रुफांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहितात. इथून नेलेली रद्दी तीच. सिद्धूनं पानं पालथी घातली, तेव्हा वर काय दिसत होतं?"

सिद्धूनं कपाळावर हात मारून घेतला. "फुली!"

"सोमवारी राहीबाई तुमच्याआधी आल्या असणार. फुली दिसली, उचललं. तुम्हाला पानाची मागची बाजू आठवली नाही, त्यांनी पुढची पाहिलीच नाही. कुणीच खोटं बोललं नाही."

राहीबाईंच्या हातातला कुंचला गळून पडला. "आगं बया! म्या साहेबांचं बुक चिकटवलं?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक झाला. नाथाजींना वाटलं, शोध लागून तरी काय उपयोग? सगळा लगदा झाला असणार.

"शाईनं लिहिलं असतं तर गेलंच होतं," वर्धमान म्हणाले. "पेन्सिल पाण्याला दाद देत नाही. खळ मात्र विरघळते."

कोमट पाण्याची परात आली. चारही पुठ्ठे भिजत घातले. तासाभरानं नाथाजींनी आपल्या राकट बोटांनी पहिला कागद श्वास रोखून सोडवला. अक्षरं जशीच्या तशी होती. मग दुसरा, तिसरा. ऊन कलायच्या आत चाळीस पानं दोरीवर वाळत पडली आणि नाथाजींनी सिद्धूची पाठ इतकी जोरात थोपटली की तो कळवळला.

राहीबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. साहेब त्यांच्याकडे वळले. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

"साहेब, मला कामावरनं काढाया लावू नगा..."

"अहो, चाळीस वर्षं पुस्तकं काढतोय. लेखक छापला, मुद्रक छापला. बांधणाऱ्या बाईचं नाव एकदाही नाही. आता शेवटी आणखी एक पान लागणार."

"म्या चिकटवल्यालं न्हाई ना लिवनार?"

"तेच तर लिहिणार."

राहीबाईंनी पदर सावरला. "मग बराबर लिवा. राहीबाई गुंडा माने. खळ पातळ हुती, म्हनून सुटली."

सिद्धूनं पुढं केलेला कोरा कागद साहेबांनी घेतला आणि तिथंच टेबलावर टेकून ते लिहायला लागले. हात थरथरत होता, अक्षर वेडंवाकडं येत होतं, पण पान खाली सरकत होतं.